साध्या विळ्याचा डॅमेज

आमच्या वरच्या खोलीतल्या भाडेकरूइतका हताश करणारा माणूस अख्ख्या रहाटणीत नसेल, आणि रहाटणीत अशा माणसांची काही टंचाई नाही. मूळचा लातूरकडचा, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला. सुटे भाग तपासायचे, तडा दिसला की लाल रंग मारून बाजूला टाकायचे, हे त्याचं काम; पण त्याची शिफ्ट कधी संपतच नसे. भाजीवाल्याची भेंडी एकेक मोडून बघे. माझी पोळी एकदा उजेडात धरून म्हणाला, "आजी, एका बाजूनं जाड हाय." खाल्ल्या मात्र पाच.

दर रविवारी दुपारी तो आमच्या हॉलमध्ये खेळ मांडायचा. ताथवड्याला इंजिनिअरिंग शिकणारी माझी नात, तिच्या दोन मैत्रिणी, आणि तिसरीला नोकरी लागून ती गळाली म्हणून तिच्या जागी मी. तो गोष्ट सांगणार, आपण त्यातली माणसं व्हायचं आणि वार बसला की नाही ते वीस बाजूंच्या फाशावर ठरवायचं. मी विळेवाली शेतकरीण झाले. चार महिने आम्ही पडक्या किल्ल्यात एका भुताशी लढत होतो. जाडजूड नियमपुस्तकात लिहिलंय म्हणे, की भुताला मंत्राच्या हत्यारानंच डॅमेज होतो, साध्यानं नाही. मंत्राची तलवार एकच, ती गळालेल्या मैत्रिणीबरोबर गेली. फाशावर वीस पडले तरी हा मान हलवणार, "लागला, पण डॅमेज शून्य."

"अरे, चालवून घे की. दसऱ्याला पूजलेला विळा आहे."

"साधं लोखंड हाय, आजी. पूजेचं सर्टिफिकेट असंल तर दाखवा."

नात कपाळाला हात लावायची. "दादा, तुझ्यापेक्षा ते भूत बरं."

खरं तर त्याला हसायचा हक्क मला नाही. नवीन लग्न झालेलं, भोसरीच्या वर्कशॉपात ह्यांचं बोट लेथवर कापलं, रुमालात गुंडाळून घरी आले, तर मी शहाणी आधी मीठमोहरी ओवाळत बसले. सतरंजीवर रक्त, आणि मी नजर कुणाची लागली म्हणून शेजारणींची नावं आठवतेय. शेवटी हेच म्हणाले, "यादी मागाहून कर, आधी रिक्षा बोलव." साध्या जखमेला मंत्राचा उपाय करणारी बाई मी. हा मात्र दोन्हींची कधी सरमिसळ होऊ देत नसे.

मग एका गुरुवारी तो जेवायला खाली आला आणि ताटाकडे बघेचना. ब्रेकच्या भागांचा एक अख्खा लॉट त्यानं रिजेक्ट केला होता. बारीक तडे होते. साहेब म्हणाले, शनिवारपर्यंत पास केल्याची सही कर, नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस. गावाकडे आईवडील याच्याच भरवशावर.

"काय करू, आजी?"

आणि मी, चार महिने एकच पालुपद घोकलेली म्हातारी, आमटी वाढता वाढता म्हणाले, "अरे, सगळेच करतात. चालवून घे."

रविवारी तो नेहमीच्या वेळेला आला. माझी पाळी. फासा टाकला, सात पडले. सातानं तर वारही बसत नाही. त्यानं पुस्तक उघडलंच नाही.

"लागला. मेलं भूत."

मुलींनी गिल्ला केला, नातीनं मला मिठी मारली.

"विळ्यानं?" मी विचारलं.

"व्हय आजी, विळ्यानंच." तो खाली मान घालून फासे डबीत भरत होता. शनिवारी काय झालं, हे मी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

नोकरी टिकली. खेळही चालू आहे. भुतं आता पटापट मरतात आणि मुली खूश असतात. रस्त्यात कुणी करकचून ब्रेक दाबला की गाडी पुरती थांबेपर्यंत मी वळून बघत राहते. मध्यंतरी नातीला खेळात नवी मंत्राची तलवार मिळाली, ती तिनं मला देऊ केली, मी घेतली नाही. अजून विळाच घेऊन उतरते, फासा टाकते आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसते. एखाद्या रविवारी तरी तो मान हलवून नाही म्हणेल म्हणून.