संक्रांतीच्या दिवशी, पानिपतला

माझ्या सासूबाईंचा दही-साखरेवर जेवढा विश्वास आहे, तेवढा माझ्या एम.कॉम.वर कधीच नव्हता. मी पुन्हा नोकरी शोधायला लागले तेव्हापासून प्रत्येक मुलाखतीला निघताना त्या माझ्या तळहातावर चमचाभर दही-साखर ठेवत आल्या. मुलाखत गुरगावला असो नाहीतर नोएडाला, दही तेच, साखर तीच आणि निकालही तोच. सगळीकडचे लोक गोड हसून "कळवतो" म्हणायचे आणि नंतर ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. आठ-पंधरा दिवस वाट बघून सासूबाई निकाल द्यायच्या, "इथल्या पिशवीच्या दुधाला गुणच नाही."

आम्ही दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून दारावरच्या पाटीवर त्याचं नाव आणि त्याखाली हुद्दा. कॉलनीत मी 'साहब की मिसेज'. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मी पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये होते. मग मुलगी चार वर्षांची असताना नोकरी सोडली, बदल्या झाल्या, सासऱ्यांचं आजारपण निघालं, आणि बघता बघता बारा वर्षं गेली. आता मुलगी अकरावीत आहे, सासरे राहिले नाहीत आणि दुपारी घरात इतकं शांत असतं की फ्रिज बंद झालेला कळतो.

नोकरी मला का हवी होती, ते सांगते. एकदा दातांच्या डॉक्टरकडे बसले होते. रिसेप्शनवरच्या मुलीने एक नाव पुकारलं आणि मी मासिक चाळत बसूनच राहिले. तिने पुन्हा पुकारलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, अरे, हे तर माझंच नाव. दाढ काढायची होती, पण भीती वाटली ती या गोष्टीची. त्या रात्री मी माझा जुना बायोडेटा शोधून काढला.

मुलाखतीचं एक बरं असतं, तिथे तुमचं नाव पुकारतात. त्याच्या पुढचं मात्र फारसं बरं नसतं.

गुरगावच्या एका काचेच्या इमारतीत माझ्या भाच्याच्या वयाच्या मुलाने मला विचारलं, "मॅम, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" मी सरकारी नोकराची बायको. पाच वर्षांनी आपण कुठे असणार हे आम्हाला मंत्रालयाच्या ऑर्डरवरून कळतं. तरी मी काहीतरी भारदस्त बोलले. मग तो प्रेमाने म्हणाला, "आमच्याकडे सगळं एका फॅमिलीसारखं आहे." मी त्याला म्हणणार होते की बाबा रे, फॅमिली मला घरी आहे, ती सोडून चार तास कुठे जाता येईल का, हे बघायला मी तुझ्याकडे आले. पण हात दाखवून अवलक्षण कशाला, म्हणून गप्प बसले. अवलक्षण तसंही झालंच.

नोएडातल्या साहेबांना माझी बारा वर्षं खुपत होती. "इस गॅप में आपने क्या किया?" मी म्हटलं, घर चालवलं. दोन बदल्यांत सामान हलवलं, सासऱ्यांच्या अर्धांगवायूत त्यांना भरवलं, पुसलं, फिरवलं, मुलीच्या ॲडमिशन केल्या. ते मान डोलावत टाईप करत होते. त्यांच्या मागच्या काचेत कॉम्प्युटरचा पडदा दिसत होता. गॅपच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'निल'. माझ्या सासऱ्यांनी हे वाचलं असतं तर ते अंथरुणातून उठले असते.

एकांना माझा अनुभव फार जुना वाटला, दुसऱ्यांना मी त्या जागेसाठी फार अनुभवी वाटले. तिसऱ्यांनी नमुना म्हणून त्यांचा अख्खा जीएसटीचा गोंधळ मला घरी सोडवायला दिला. मी तो निस्तरून दिला, त्यांनी "वेरी नाइस" असं कळवलं, आणि नंतर माझे फोन घेणं बंद केलं. आणि प्रत्येक ठिकाणी, अगदी प्रत्येक ठिकाणी, शेवटचा प्रश्न एकच असायचा. घर कौन देखेगा? कोणी तो इंग्रजीत विचारायचं, कोणी चहा पुढे करत विचारायचं. माझ्या नवऱ्याला आजवर हे कोणी विचारलेलं नाही. त्याने आयुष्यात एकच मुलाखत दिली, तीत त्याला गव्हाच्या जाती विचारल्या होत्या, आणि त्या भांडवलावर तो मला दर रविवारी "बी कॉन्फिडंट" असा सल्ला देतो.

मुलगी घरी माझी तयारी करून घ्यायची. दिल्लीत वाढलेली, त्यामुळे तिच्या मराठीत जागोजागी हिंदीची ठिगळं. "आई, तू टेन्शन मत घे ना यार. चलो, सांग, तुझा वीकनेस काय आहे?"

"तुम्ही सगळे," मी म्हटलं.

"अच्छा, आणि स्ट्रेंग्थ?"

"तरी अजून घरात आहे."

ऑनलाइन मुलाखती आल्या तेव्हा घरात मोठाच शास्त्रार्थ निघाला. दही खाऊन माणूस बाहेर पडतो. मी तर बेडरूममध्ये जाणार. उंबरठा ओलांडल्याशिवाय दह्याचा गुण येत नाही, असं सासूबाईंचं ठाम म्हणणं. शेवटी तोड निघाली. मी दही खायचं, "येते" म्हणायचं, जिना उतरून खाली जायचं, कडुनिंबाला वळसा घालायचा आणि परत वर येऊन लॅपटॉपसमोर बसायचं. तशी मी निघाले. वर ब्लेझर, खाली घरातली सलवार, पायात स्लीपर. तळमजल्यावरच्या बाई कपडे वाळत घालत होत्या. "अरे, कहाँ चल दिए?" त्यांनी विचारलं. बाल्कनीतून सासूबाई कडाडल्या, "कहाँ मत पूछो! जानेवाले को कहाँ नहीं पूछने का!" तीन मजले चढून मी धापा टाकत मुलाखत दिली. पलीकडचा म्हणाला, तुम्ही फार नर्व्हस वाटता.

ती नोकरी गेली ती त्या 'कहाँ'मुळे, याबद्दल सासूबाईंच्या मनात आजही शंका नाही.

अशाने माणूस थकतो. मी थकले. नकाराचं फार वाटत नव्हतं, पण नकारही कोणी धड देत नव्हतं, त्याचं वाटत होतं. एका रात्री जेवताना मी सगळ्यांना सांगून टाकलं की आता एकच मुलाखत उरली आहे, ती देईन, आणि नाही झालं तर हा विषय या घरात परत काढायचा नाही. नवरा "अगं, पण" म्हणाला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि माझ्या ताटात न विचारता भात वाढला.

ही उरलेली मुलाखत होती करोल बागेतल्या एका चादरी-ब्लँकेटच्या व्यापाऱ्याकडची. पहिली फेरी तिथल्या मॅनेजरने घेतली होती. अबोल माणूस. त्याने बिलं पुढे टाकली आणि यात चूक काय ते विचारलं. मी सांगितलं. इतक्या मुलाखतींत पहिल्यांदा मला कोणी कामाबद्दल काम विचारलं होतं, त्यामुळे मला तो माणूस देवासारखा वाटला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. आता फक्त सेठजींना भेटायचं, ते फॅक्टरीवर बसतात.

"कुठे आहे फॅक्टरी?" नवऱ्याने विचारलं.

"पानिपतला."

"कधी जायचंय?"

"संक्रांतीला."

घास हातात तसाच ठेवून सगळे माझ्याकडे बघत राहिले. मुलीला काही कळेना. "तो? पानिपतला काय प्रॉब्लेम आहे?"

"तुम्हाला शाळेत इतिहास शिकवतात की नाही?" नवरा म्हणाला.

"शिकवतात ना. पण तो चॅप्टर ऑप्शनला होता."

"लाख बांगडी फुटली गं तिथे," सासूबाई म्हणाल्या. "ती पण संक्रांतीलाच. दुसरा दिवस मिळाला नाही त्या मेल्याला?"

"आई, मला तिथे लढायचं नाहीये. नुसतं भेटून यायचंय."

"त्यांनाही सुरुवातीला तसंच वाटलं असेल."

रात्रभर विचार करून सकाळी सासूबाईंनी जाहीर केलं, की त्या बरोबर येणार. इतकी वर्षं दिल्लीत काढली, पण लढाईचं स्मारक, तो काला अंब, बघायचा राहून गेलाय, हे एक कारण. आणि अशा दिवशी अशा गावी मला एकटीला सोडायचं नाही, हे दुसरं. बेचाळिशीची उमेदवार आणि सोबतीला सासू. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. मी खूप वाद घातला, पण ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

संक्रांतीच्या पहाटे दिल्लीच्या थंडीने दहीच लागलं नव्हतं. भांडं शालीत गुंडाळून कणकेच्या डब्यात ठेवलेलं, तरी आत नुसतं दूध. सासूबाईंनी त्यातच साखर घातली आणि चमचा माझ्या तोंडाशी धरला. "घे. पोटात गेल्यावर लागेल."

भाड्याची गाडी धुक्यातून चालली होती, पुढचा ट्रक दिसत नव्हता. काला अंबला पोचलो तर तिथे अख्खा महाराष्ट्र उतरलेला. बसगाड्या, भगवे झेंडे, फेटे, घोषणा. सांगलीकडचे एक फेटेवाले गृहस्थ आमचं मराठी ऐकून जवळ आले. "दर्शनाला आलात?"

"दर्शनाला, आणि सुनेची मुलाखत आहे," सासूबाई म्हणाल्या.

"कुठे?"

"इथेच. पानिपतात."

"आज?"

ते स्मारकाकडे बघून मग माझ्या ब्लेझरकडे बघू लागले. त्यांनी त्यांच्या बसमधल्या माणसांना बोलावलं. एका बाईंनी मला हळद-कुंकू लावलं, दुसरीने हातावर तिळगूळ ठेवला, आणि ते गृहस्थ जड आवाजात म्हणाले, "ताई, जिंकून या." मला हसू आवरेना. पण खरं सांगायचं तर फार बरंही वाटलं. चादरीवाल्याच्या अकाउंट्सच्या जागेसाठी एवढ्या थाटात कोणी निघालं नसेल.

फॅक्टरीवर मी सासूबाईंना गाडीतच बसा म्हणून विनवलं होतं. पण वॉचमनने ऐकलं नाही. "माताजी को ठंड में बिठाओगे?" असं म्हणून त्याने त्यांना थेट सेठजींच्या केबिनमध्ये नेऊन बसवलं, हीटरच्या समोर. मी मागून फाईल घेऊन शिरले. सासूबाईंनी बसल्या बसल्या पिशवीतून डबा काढला. "तिलगुल लो, और मीठा मीठा बोलो." मुलाखत घेणाऱ्याला इतकी स्पष्ट सूचना आजवर कोणी दिली नसेल. सेठजी उठून त्यांच्या पाया पडले.

पुढे मुलाखत झाली ती सासूबाईंचीच. माताजी, कहाँ के हो? कोल्हापुर में ठंड कैसी रहती है? बेटा किस मिनिस्ट्री में है? चहा आला, बिस्किटं आली. माझ्या फाईलवर ट्रे ठेवला गेला. सेठजी वाईट माणूस नव्हते. मॅनेजरने माझ्याबद्दल चांगलं सांगितलं असावं, कारण हिशेबाचं त्यांनी काहीच विचारलं नाही. मग एकदाचे ते माझ्याकडे वळले.

"मैडम, मार्च में लेट हो जाता है. घर कौन देखेगा?"

या प्रश्नाची माझ्याकडे चार तऱ्हेची उत्तरं तयार होती. त्यातलं एक काढणार, तेवढ्यात सासूबाई बोलल्या.

"घर को क्या हुआ है? बीमार है क्या? इतने साल देखा ना हमने. घर अपनी जगह पे रहता है, भागता नहीं."

सेठजी मोठ्याने हसले. "बात तो ठीक है जी." मग चहाचा घोट घेऊन ते सासूबाईंना म्हणाले, "चलो माताजी, सोमवार से बहू को करोल बाग भेज दीजिए."

मला नोकरी लागली होती. आणि ती माझ्या सासूच्या हाती दिली गेली होती, लग्नाची बोलणी पक्की करावी तशी. संताप आला होता मला. उठून जावंसं वाटलं. पण मी हसले, कारण बारा वर्षांत अशा वेळी हसायचीच सवय झाली होती.

सासूबाईंचं बिस्किट कपाच्या वरच थांबलं.

"मेरे को क्यों बोलते हो?" त्या म्हणाल्या. "नौकरी उसको करनी है. उसको बोलो. उसका नाम है ना कागद पे."

सेठजी जरा ओशाळले. त्यांनी ट्रे बाजूला सरकवला, खालून माझी फाईल काढली, चष्मा लावला आणि पहिलं पान शोधलं. मग अडखळत, पण मोठ्याने, त्यांनी माझं नाव घेतलं. आडनावासकट. पुढे 'जी' लावलं आणि विचारलं, सोमवार से आ सकेंगी आप?

या वेळी दुसऱ्यांदा पुकारावं लागलं नाही. पण इतक्या मुलाखतींसाठी पाठ केलेलं इंग्रजी आणि इतक्या वर्षांचं दिल्लीचं हिंदी, ऐनवेळी काहीच तोंडात येईना.

"हो," मी म्हटलं.

सेठजींना कळलं नाही. त्यांनी सवयीने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी समजावून सांगायला तोंड उघडलं होतं, पण मग ते मिटलं आणि ताटलीतली उरलेली बिस्किटं नातीसाठी रुमालात बांधायला घेतली. मी घसा साफ केला आणि सेठजींना हिंदीत सांगितलं, की सोमवारपासून येईन.