कठड्यावरून खो-खो

आमच्या करंडक समितीत नऊ पुरुष होते आणि मी. खो-खोत किती पोरी बसतात आणि किती पळतात, असं त्या नऊ जणांना विचारलं असतं तर ते एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले असते. मी विचारलं नाही. इतकी वर्षं भूगोल शिकवून मला एवढं नक्की कळलंय, की ज्याला येत नाही त्याला विचारू नये. तो उत्तर देतो.

मी घोरावाडी स्टेशनजवळ राहते आणि रोज लोकलने मावळातल्या माझ्या शाळेत जाते. मुलींचा खो-खो संघ माझ्या गळ्यात पडला, कारण क्रीडाशिक्षक निवृत्त झाले आणि त्यांची जागा काही भरली गेली नाही. मैदान शाळेचं, म्हणून पंचक्रोशीच्या करंडकाची समिती आमच्या शाळेत बसायची, आणि म्हणून मीही तिच्यात बसायचे.

सामने लाइव्ह दाखवायची कल्पना समितीची नव्हती. ती एका आईची होती. आमच्या संघात कान्हे गावची एक मुलगी होती, सातवीतली, वाऱ्यासारखी पळणारी. तिची आई खंडाळ्याला एका बंगल्यात स्वयंपाकाला. बंगल्यावर पाहुणे येणार शनिवार-रविवारी आणि आमचे सामनेही रविवारीच. पालकसभेला ती उशिरा आली, सगळे गेल्यावर माझ्या टेबलापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, समदे म्हनत्यात माजी पोरगी लय पळती. म्या कवा बगितलीच न्हाई. मोबाईलवर दिसंल का वो?"

"दिसेल की," मी म्हणाले. त्यात अवघड काय होतं? वरच्या मजल्याच्या व्हरांड्याचा कठडा, त्यावर एक फोन, तो आडवा धरायला एक स्टँड. बस.

हे मी बैठकीत सांगितलं आणि चूक केली. अध्यक्ष प्लॉटिंगचा धंदा करणारे. कपडे इतके पांढरे, की बसायच्या आधी खुर्ची दोनदा पुसून घ्यायचे. त्यांच्या डोळ्यांपुढे लगेच स्वतःचा चेहरा आला असावा, तोही चारी बाजूंनी.

"लाइव्ह! करू ना. पण असं फोनबिन नाही मॅडम, वाढदिवस आहे का कुणाचा? चार कॅमेरे लावू, ड्रोन उडवू."

"चार कॅमेरे कशाला? मैदान एका नजरेत दिसतं," मी म्हणाले.

"तुम्हाला त्यातलं कळत नाही," खजिनदार म्हणाले. त्यांना स्वतःचा फोन उघडायला सून लागायची.

लोणावळ्याचा एक लग्नाचं शूटिंग करणारा ठरला. रविवारी सकाळी डोक्यावर गॉगल चढवून तो आला आणि त्याने मला विचारलं, "एंट्री कुठून आहे?"

"कुणाची?"

"नवरीची... म्हणजे, टीमची."

त्या दिवशी काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्याची तेवढीच लायकी आहे. ड्रोन इतका खाली आणला, की मैदानातली सगळी माती बसलेल्या पोरींच्या डोळ्यांत गेली आणि पंचांनी सामना थांबवला. खाली उभे असलेले कॅमेरेवाले पळणाऱ्या मुलीचा चेहरा मोठा करून दाखवत होते. खो-खोत चेहरा दाखवून काय मिळतं? आठ जणी कुठे तोंड करून बसल्यात, खो कुणाला मिळणार, पळणारी कुठल्या फटीतून निसटणार, ते दिसलं तरच खेळ. ह्यांच्या चित्रात घामाघूम नाकं होती. गुण दिसायच्या जागी अध्यक्षांचा फोटो, हात जोडलेला. आमच्या पोरी पाठलागाला उतरल्या तेव्हाच प्रमुख पाहुणे पोचले, चारही कॅमेरे त्यांच्याकडे वळले, आणि सत्काराला शोभा यावी म्हणून त्या महाभाग शूटिंगवाल्याने मागे सिनेमाचं गाणं लावलं. दुसऱ्याच्या मालकीचं गाणं वाजवल्यावर जे होतं तेच झालं. प्रक्षेपण बंद पडलं.

चार वाजता खंडाळ्याहून फोन आला.

"बाई, येक मानूस हार घालून घेत व्हता. मग गानं लागलं. मग समदं काळं झालं. पोरगी कुटं व्हती?"

"ती तेव्हा तिघींना बाद करत होती," मी म्हणाले. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

उपांत्य आणि अंतिम सामना पुढच्या रविवारी होता. शूटिंगवाल्याला त्या दिवशी लग्नाची ऑर्डर होती, त्यामुळे समितीतला उत्साह आपोआप ओसरला. अध्यक्ष मला म्हणाले, "करा मग तुमचं ते घरगुती."

मी घरगुतीच केलं. आधी स्टँड घ्यायला दुकानात गेले. तिथल्या विक्रेत्याने माझे पांढरे केस पाहून आवाज चढवला आणि हळूहळू बोलायला लागला. "मॅडम, बेसिक घेऊ नका, पस्तावाल. दोन कॅमेरे घ्या, ते आलटूनपालटून दाखवायला स्विचर घ्या, लाइट घ्या."

"सामने दिवसा असतात," मी म्हटलं. "सूर्य आहे."

कठड्याला घट्ट बसेल असा चिमट्याचा स्टँड तेवढा घेतला आणि त्याच्या चेहऱ्यावरची कीव बघत बाहेर पडले. ज्यांना एक गोष्ट नीट करता येत नाही तेच चार गोष्टी विकत घ्यायला सांगतात, असं माझं मत झालं होतं.

मग रोज शाळा सुटल्यावर पोरी सराव करत असताना मी फोन वेगवेगळ्या जागी लावून बघितला. खांबामागून लावला तर पाठलाग करणारी आडवी यायची आणि पळणारी दिसायचीच नाही. बाजूने जमिनीवरून लावला तर नुसत्या पाठी. वरच्या व्हरांड्याच्या मधोमध लावला तेव्हा दोन्ही खांब, आठही पोरी आणि पळणाऱ्या तिघी, सगळं एका चौकटीत आलं. जागा ठरली. पण तिथे नेट तुटायचं. तीन सिमकार्डं बदलून पाहिली, तेव्हा मराठीच्या बाईंच्या सिमला रेंज मिळाली. उन्हात फोन तापून बंद पडला म्हणून कठड्याला छत्री बांधली. मध्येच माझ्या भावाचा फोन आला आणि चित्र थांबलं, म्हणून येणारे कॉल बंद केले. गुण दिसावेत म्हणून वर्गातला लहान फळा मैदानाच्या कडेला ठेवला. मराठीच्या बाई खडूने आकडे लिहिणार होत्या.

मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता, हे कबूल करते. नऊ पुरुष आणि चार कॅमेऱ्यांना जे जमलं नाही ते मी एका चिमट्यावर करून दाखवणार होते.

रविवारी सकाळी दहापासून मी फोनशेजारी स्टूल टाकून बसले. चित्र झकास येत होतं. उपांत्य सामना आम्ही सहज जिंकला. मी एकटी असले की पुटपुटते. वर्गात, स्वयंपाकघरात, गाडीत. त्या दिवशी तर चांगलंच तोंड सुटलं होतं. अध्यक्ष मंडपात शिरले तेव्हा मी म्हणाले, "आला हारांचा भुकेला. अरे, पोरी खेळतायत, तू बस ना खाली." समोरच्या संघाच्या प्रशिक्षकाला मी म्हशी वळायला पाठवलं. खजिनदार फोन उलटा धरून फोटो काढत होते, त्यांच्याबद्दल जे बोलले ते इथे लिहीत नाही.

अंतिम सामना शेवटपर्यंत चुरशीचा झाला. शेवटच्या पाळीत आम्हाला बरोबरीसाठी एक गडी हवा होता. कान्ह्याची ती मुलगी चौकोनात बसलेली, आणि समोरची पळणारी दमून अगदी तिच्या पुढ्यात आलेली. हिने खो मिळायच्या आधीच उडी घेतली. पंचांची शिट्टी. फाऊल. तेवढ्यात पळणारी निसटली, वेळ संपली, आम्ही एका गुणाने हरलो.

माझ्या तोंडून निघालं, "देवाने हिला नुसते पाय दिलेत, डोकं द्यायला विसरला. जाणार आईच्या मागे खंडाळ्याला, भांडी घासायला."

मी जिना उतरले तर मराठीच्या बाई खडू हातात धरून उभ्या. चेहरा उतरलेला. त्या म्हणाल्या, "अहो, तुमचा आवाज जात होता."

"कुठे?"

"सगळीकडे."

आठवडाभर मी चित्र तपासलं होतं. रेंज तपासली, ऊन तपासलं. माईक बंद करायचा असतो हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

मंडपाच्या मागे पोरंसोरं, बायका, दोन आबा, सगळे एकाच मोबाईलवर वाकून हसत होते. अध्यक्ष तरातरा माझ्याकडे आले. "मॅडम, तुम्ही माझी जाहीर बदनामी केलीत!"

"मी जे दिसलं ते बोलले," मी म्हणाले. "लाइव्ह तुम्हालाच हवं होतं."

"माफी मागावी लागेल!"

त्यांची माफी मी तेव्हाही मागितली नाही आणि नंतरही नाही. त्या माणसाबद्दल माझं मत आजही तसूभर बदललेलं नाही. पण त्यांच्याशी तोंडाला तोंड देत असतानाच मला खंडाळ्याचं ते स्वयंपाकघर आठवलं. जिच्यासाठी हे सगळं मांडलं होतं ती सकाळपासून ऐकत होती.

सोमवारी मी रजा टाकली आणि खंडाळ्याला गेले. बंगला शोधायला वेळ लागला. मागच्या दाराशी ती मटार सोलत बसली होती. मला पाहून उठली नाही. दुसरी पाटी पालथी करून पुढे सरकवली आणि म्हणाली, "बसा."

मी बसले. बोलायचं काय ते वाटेत घोकून आले होते.

मी तोंड उघडायच्या आधी तीच म्हणाली, "आमी समदे बगत व्हतो. म्या, डायवर, माळीबाबा. फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठिवला व्हता. तुमी त्या हारवाल्याला बोलला, तवा डायवर लय हसला. म्या बी हसले." तिने दोन शेंगा सोलल्या. "मग तुमी माज्या पोरीला बोलला. तवा त्यो हसायचा थांबला."

"ताई, मी..."

"म्या भांडी घासत न्हाई, बाई. सैपाक करती. आन घासली असती तरी माज्या पोरीनं काय वाईट केलं? लवकर उटली. येकडाव उटली."

"माझं चुकलं. फार चुकलं," मी म्हणाले. "तो व्हिडिओ मी आजच काढून टाकते."

तिने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "नगा काढू! तिचा खेळ हाय त्यात. पयल्या म्याचमदी तिनं खांबावर उडी टाकली ती म्या चार डाव बगितली." मग विचारलं, "नुसता आवाज काढता येतो का?"

संध्याकाळी घरी येऊन मी ते चित्रीकरण फोनवर उतरवून घेतलं, आवाज पुसला आणि पुन्हा चढवलं. ते करायच्या आधी ते मला एकदा पूर्ण ऐकावं लागलं. समितीच्या बैठकांमध्ये मी त्या माणसांकडे ज्या नजरेने बघत बसायचे, तीच नजर त्या आवाजात होती. पण समोर आता अध्यक्ष नव्हते. बारा वर्षांची मुलगी होती, दिवसभर माझ्याच संघासाठी धावलेली. तिला आणि तिच्या आईला मी एकाच वाक्यात उडवून लावलं होतं, आणि तेही किती सहज. चिडून बोलले असते तरी एक वेळ समजलं असतं. आवाज शांत होता.

मंगळवारी सरावाला सगळ्या पोरींसमोर मी तिची माफी मागितली. मुलीने अर्थातच ऐकलं होतं, गावभर झालं होतं. ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाली, "खो मिळायच्या आधी उठले हे खरंय, बाई." वर्ष संपेपर्यंत ती माझ्याशी गरजेपुरतं बोलली. त्याबद्दल मी तिला कधी दोष दिला नाही.

समितीतून मला काढलं. पत्र आलं त्यात शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या. मी त्या लाल शाईने दुरुस्त करून पत्र परत पाठवलं. पुढच्या हंगामात त्यांनी पुन्हा चार कॅमेरे लावले आणि मी पुन्हा कठड्यावर फोन लावला, कारण कठडा शाळेचा आहे आणि मुख्याध्यापकांना माझ्याशी वाद घालायची हौस नाही. गावातले लोक माझंच बघतात, आवाज नसला तरी. काही जण आवाज परत सुरू करा म्हणून आग्रह करतात, हसतात. मी त्यांच्याकडे लक्ष देत नाही. त्यांना खेळ नकोच आहे, कुणाचा तरी पाणउतारा ऐकायचाय.

कान्ह्याची ती मुलगी आठवीनंतर तळेगावच्या शाळेत गेली. यंदा ती त्या संघातून आमच्याविरुद्ध उतरली आणि आमच्या पहिल्या तुकडीतल्या दोघी तिने एकटीने बाद केल्या. दुसऱ्या वेळी तिने आमच्या मुलीच्या दिशेने सूर मारला तेव्हा मी 'शाब्बास' म्हणून ओरडणारच होते. माईक बंद होता, मी तपासला होता. तरी मी तोंडावर पदर धरून बसले आणि तिचा सगळा डाव पुरा होईपर्यंत फोन हलू दिला नाही.