आप्पांच्या गाडीतली चावी

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी द्राक्षबागेत होते. मनात पहिला विचार आला तो चावीचा. रडू आलं नाही, आणि ते लपवण्याचं माझं आता वय राहिलेलं नाही.

आप्पा माझे थोरले दीर. सायखेड्याकडचे मोठे बागायतदार, पुढे शेतकऱ्यांचे पुढारी झाले. गोदावरीवरून पाइपलाइन दोघा भावांनी मिळून आणली. चर खोदायला आप्पा स्वतः उतरले होते, तेवढं मान्य करते. पाणी पाळीने घ्यायचं ठरलं. व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी चावी पंपाच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असायची. आमचे हे वारले आणि चावी आप्पांच्या गाडीत गेली. "चोरीबिरीला गेली म्हणजे, सुमन?" असं म्हणाले. तेव्हापासून व्हॉल्व्ह तेच फिरवायचे, तेही गावात असले तर.

एरवी सभा असायच्या. पेठ, सुरगाणा... डोंगरातल्या माणसांपुढे हात उंच करून सांगायचे, "पाणी कुणाच्या बापाचं नाय! शेवटच्या शेताला पहिलं पाणी!" टाळ्या पडायच्या. आमच्या लाइनीवरचं शेवटचं शेत माझं, आणि चावी तिथेच सभेमागे उभ्या गाडीत. एका उन्हाळ्यात छाटणीनंतर माझी बाग डोळ्यांदेखत वाळली. आप्पा परतल्यावर मी भरल्या बैठकीत जाब विचारला. ते हसले. "अगं, आधी राज्याचं बघू दे. घरचं काय, घरातच हाय." माणसंही हसली. मी मुकाट्याने चहाचे कप उचलून आत गेले. ते कप मी का उचलले, याचा राग अजून जात नाही.

दशक्रियेला नदीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पुढाऱ्यांची भाषणं झाली, पण पिंडाला कावळा शिवेना. आप्पांचा मुलगा विजय हात जोडून म्हणाला, "आप्पा, तुमचं काम पुढं नेईन." कावळे झाडावरच. कुणी पुतळ्याचा शब्द दिला. तरी नाही... मग भावकीतली म्हातारी माणसं माझ्याकडे बघू लागली. "सुमन, तू बोल काहीतरी. तुझ्यात जीव अडकला आसंल."

मी पुढे झाले. म्हटलं, "आप्पा, माझ्या पाळीची चावी मोकळी करा, म्हणजे तुम्हीही मोकळे व्हाल."

विजयने मान खाली घातली. "देतो, काकू. आप्पांच्या देखत सांगतो."

कावळा आलाच नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. आप्पांनी सगळं ऐकलं, फक्त त्यांना पटलं नाही, असं मी धरून चालते.

विजयने शब्द पाळला. चावी परत जुन्या खिळ्यावर आहे. आप्पांच्या मुठीने तिचा दांडा गुळगुळीत झालाय, आणि मूठ एवढी मोठी की त्या जागेत माझे दोन्ही हात मावतात. पाळीच्या दिवशी मी तिथेच धरते, आप्पांना मनसोक्त शिव्या घालते, चावी फिरवते... आणि शेवटच्या शेताला पाणी येतं.