खूण न सांगता

माझी आई बसडेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसायची. माणसं बसमध्ये काय काय विसरतात हे सांगितलं तर कुणाला पटणार नाही. छत्र्या, डबे, चष्मे हे रोजचंच. पण कुणी कवळी विसरायचं, कुणी लग्नातले नवे बूट, आणि एकदा तर कुबड्यांची जोडी आली होती. कुबड्या विसरून तो माणूस चालत कसा गेला, यावर डेपोत बरीच वर्षं वाद चालू होता.

कंडक्टर सापडलेल्या वस्तू आणून देत. आई प्रत्येकीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची आणि मागच्या खोलीत फळीवर ठेवायची. मग माणसं खिडकीत येऊ लागत. आईचा पहिला आणि शेवटचा शब्द ठरलेला: "खूण सांगा." नुसतं "काळी छत्री" म्हणून भागत नसे. मूठ कसली, कुठली काडी वाकलेली, पट्टा बटणाचा की चिकटणारा, सगळं सांगावं लागे. बरोबर सांगितलं की वस्तू मिळे. एखादी खूण चुकली की माणूस कितीही काकुळतीला आला तरी हात हलवत परत जाई. डेपोत तिला सगळे खूणबाई म्हणत आणि तिला ते मनापासून आवडायचं.

मागच्या खोलीच्या चाव्या ज्यांच्याकडे असत, ते कुलूपकाका. कमरेला चाव्यांचा जुडगा असायचा म्हणून त्यांना ते नाव पडलं होतं, बाकी त्यांच्या तोंडाला कुलूप कधी कुणी पाहिलं नव्हतं. ते आमच्याच चर्चच्या मंडळीतले. रविवारी उपासनेला शेवटच्या बाकावर बसत आणि प्रवचन सुरू झालं की झोपत. आई मात्र पहिल्या बाकावर, पाठ ताठ. मंडळीतल्या लहान मुलांकडून बायबलमधली वचनं पाठ करून घेण्याचं काम तिच्याकडे होतं, आणि तिथंही तिचा खाक्या खिडकीवरचाच. एक शब्द इकडचा तिकडे झाला की, "नाही. पुन्हा पहिल्यापासून."

स्वतःलाही ती हाच नियम लावायची. प्रभूची प्रार्थना म्हणताना जीभ कुठं अडखळली, की पुन्हा सुरुवात. गॅसवर दूध उतू जायचं, मी हाका मारायची, पण ती प्रार्थना शेवटपर्यंत बिनचूक गेल्याशिवाय डोळे उघडायची नाही. लहानपणी मला वाटायचं, आई किती भक्तिमान आहे. पुष्कळ उशिरा माझ्या लक्षात आलं की ती घाबरलेली असायची.

हे तिला तिच्या वडिलांकडून आलं. ते रोज संध्याकाळी मुलांना रांगेत उभं करून वचन म्हणायला लावत. बरोबर आलं की डोक्यावर हात ठेवत. चुकलं तर मारत नसत, ओरडतही नसत. फक्त पुढच्या मुलाकडे वळत. "मारलं असतं तर परवडलं असतं," असं आई एकदा म्हणाली होती, भांडी घासता घासता, जणू तिसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय. त्या घरात प्रेम होतं, पण ते पाठांतरामागून यायचं. देवबापही असाच असणार, हे ती धरून चालली होती. तिला कुणी विचारलं असतं तर तिनं "देव प्रीती आहे" हे ठणकावून सांगितलं असतं. तेही तिला पाठच होतं.

मी तिचीच लेक. माझी मुलगी शाळेच्या सहलीला गेली की ती परत येईपर्यंत मला घास गिळत नाही. पण माझी काळजी चारचौघांना दिसते, त्यावर घरात विनोद होतात. आईची काळजी कुणाला दिसत नव्हती, कारण ती कधी चुकतच नव्हती.

वडील गेले, आई निवृत्त झाली आणि आमच्याकडे राहायला आली. मग ती विसरायला लागली. आधी चष्मा, मग गॅस, मग घराकडे वळायचा रस्ता. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले आणि आजाराचं नाव सांगितलं. नाव ऐकून आई म्हणाली, "लिहून द्या, मी हे विसरेन," आणि डॉक्टरांनाही हसू आवरलं नाही. तोवर ती विनोद करत होती.

ते एका रविवारी थांबलं. मुलांसमोर उभी राहून ती वचन सांगत होती आणि मधेच तिला पुढचा शब्द सापडेना. ती पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली, पुन्हा तिथंच अडली. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं अगदी हळू, मदत म्हणून, पुढचा शब्द सांगितला. आईनं पुस्तक मिटलं, पदर सावरला आणि ती बाजूच्या दारानं बाहेर पडली. त्यानंतर ती मंडळीत गेली नाही.

घरात मात्र तिचं पाठांतर वाढलं. आंघोळीत, जेवताना, खिडकीशी बसून ती सारखी पुटपुटत असायची. एक वचन निसटलं की जे उरलंय ते घट्ट धरायला जायची आणि त्या धांदलीत तेही निसटायचं. एके दिवशी मी भाजी निवडत होते. ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, "ती कोटवाली बाई आठवते तुला?"

मला आठवत नव्हती. आईनं सांगितलं. एक म्हातारी बाई मेलेल्या नवऱ्याचा कोट बसमध्ये विसरली होती. ती खिडकीत आली, पण तिला कोटाला बटणं किती आणि कशी ते सांगता येईना. अस्तराचा रंगही तिनं चुकीचा सांगितला. आईनं तिला कोट दिला नाही. ती पुन्हा आली, पुन्हा चुकली. नंतर तिचं येणं बंद झालं.

"मी आता तशीच जाणार," आई म्हणाली. "तिथं खिडकीत उभी राहणार. तो म्हणणार, खूण सांग. आणि मला एकही शब्द यायचा नाही. त्याचं नावसुद्धा आलं नाही तर? मग मला परतच पाठवणार ना गं?"

मी तिचा हात धरला. असं काही होणार नाही, म्हणाले. मंडळीच्या पाळकसाहेबांना बोलावलं. ते भले गृहस्थ, तासभर बसले, कृपेबद्दल बोलले. आई मान डोलवत राहिली. ते निघाले तेव्हा तिनं त्यांना दारात अडवून विचारलं, "पण विचारतील ना?"

"असं काही नसतं हो," ते म्हणाले आणि बूट घालू लागले.

कुलूपकाका अधूनमधून यायचे. गुडघे गेलेले, चाव्या केव्हाच डेपोत जमा केलेल्या, तोंड तसंच. एका दुपारी ते बिस्किटांचा पुडा घेऊन आले आणि दारातूनच ओरडले, "काय खूणबाई, ओळखलंत का?"

आईनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग ती म्हणाली, "या तोंडाला अजून कुलूप सापडलं नाही वाटतं."

"ओळखलं! चहा ठेव गं पोरी."

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा आईनं कोटवालीचा विषय काढलाच होता. काका म्हणत होते, "नियम होता, बाई. तुम्ही काय करणार?"

"नियम होता. तोच आता मला लागणार. मी खिडकीबाहेर उभी राहणार आणि मला खूण सांगता येणार नाही."

काका काहीतरी थट्टा करतील असं मला वाटलं. पण चहात बुडवलेलं बिस्किट तुटून कपात पडलं, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही खिडकीच्या चुकीच्या बाजूला उभ्या राहिलात. बाहेर कोण उभं राहतं?"

"ज्याचं हरवलंय तो."

"मग इथं कुणाचं हरवलंय? तुमचं, की त्याचं?"

आईनं कप खाली ठेवला.

"तुम्ही आत आहात. फळीवर, छत्र्यांच्या शेजारी. इतकी वर्षं तुम्ही तिथं बसलात, एका तरी छत्रीला विचारलंत का, बाई गं, तुझा मालक कोण, खूण सांग?"

"छत्रीला काय कळतंय!"

"मी वेगळं काय म्हणतोय? खूण मालकानं सांगायची. वस्तूनं गप पडून राहायचं. तुम्हाला तेवढंच जमत नाही."

"गप पडायचं मला तुम्ही शिकवताय?"

मला हसू फुटलं. आई हसली नाही. इतकं सगळं विसरलेल्या माझ्या आईनं कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, "आणि मागची खोली? ती कशानं भरलेली असायची? मालक आलेच नाहीत, त्याच वस्तू ना सगळ्या?"

दरवर्षी ती खोली काकाच रिकामी करायचे, कुणी न मागितलेल्या वस्तू पोत्यात भरून. ते बराच वेळ गुडघा चोळत राहिले.

"खरंय," शेवटी ते म्हणाले. "माणसं नाही येत. नवी घेतात आणि मोकळी होतात. पण ज्याला दुसरी चालणार नसते तो येतो, बाई. तुमच्या कोटवालीचंच बघा. काय होतं त्या कोटात? कोपरं विरलेली, खिसा उसवलेला. त्या कोटाला तिचं नाव माहीत होतं का? तरी ती रडत होती. तिला तोच हवा होता. तुम्ही स्वतःला ती बाई समजताय, आणि मला वाटतं, तुम्ही तो कोट आहात."

आईनं पदर तोंडाशी धरला.

"प्रभू क्रुसावर कुणासाठी गेला ते पोरांना तुम्हीच शिकवलंत. मी झोपेत ऐकलंय. एवढं सोसून कुणी आपली वस्तू फळीवर टाकून जातं होय?"

"आणि त्या बाईला मी परत पाठवलं, त्याचं?"

"त्याचं वाईट वाटू द्या. वाटायलाच हवं." मग काकांना राहवलं नाही. "पण एक सांगतो, त्याच्या खिडकीवर तुमच्यासारखी बाई बसवलेली नाही. नाहीतर आमचं कुणाचंच खरं नव्हतं."

आता मात्र आई हसली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. कितीतरी दिवसांनी तिनं पुटपुटणं थांबवलं आणि एक अख्खं बिस्किट खाल्लं.

इथं ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. काका जिना उतरले असतील नसतील, तोच आई मला म्हणाली, "कुलूप बऱ्याच दिवसांत आला नाही गं." आणि थोड्या वेळानं: "ती कोटवाली आठवते तुला?"

सगळं पुसलं गेलं होतं. मिळालेला दिलासा ठेवायला तिच्याकडे जागाच उरली नव्हती.

मग ते सांगायचं काम माझ्याकडे आलं. रोज. कधी दिवसातून अनेकदा. "आई, तू बाहेर नाहीस, तू फळीवर आहेस." कधी ती म्हणायची, "धुळीत?" मी म्हणायची, "धूळ मी पुसते." कधी तिला ते पटायचं आणि तिचा चेहरा मोकळा व्हायचा, तेवढ्यापुरता. कधी ती माझा हात झिडकारायची, "तुला काय माहीत? तुला कधी विचारलंय कुणी?" अशा वेळी मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची, म्हणजे माझं रडणं ऐकू जाणार नाही. मला खरंच माहीत नव्हतं. माझी सारी खात्री मी तिच्याकडूनच घेतलेली, आणि तिच्याकडे तर ती नव्हतीच. रोज रोज तेच सांगताना मात्र कधीकधी ते माझ्याच कानांना नव्यानं ऐकू यायचं. तिला सांगण्याइतकं तरी आपण ते मानतो का, हे मला तपासून बघावं लागायचं.

ती आधी माझ्या मुलीला विसरली. मुलीनं मला विचारलं, "आजी मला विसरली म्हणजे मी आता तिची कुणी नाही का?"

"असं काही नसतं," मी पटकन म्हणाले आणि पाळकसाहेबांचा सूर मला माझ्याच तोंडून ऐकू आला. मग मी तिला जवळ बसवून नीट सांगितलं, की आजीच्या आठवणीवर आपलं नातं टांगलेलं नाही. सांगता सांगता मला समजलं की आता माझी पाळी येणार.

वचनं गेली. मुलांना शिकवलेली गाणी गेली. शेवटी फक्त प्रभूची प्रार्थना उरली, आणि तीही मधून मधून उसवलेली.

एका दुपारी मी वाळलेले कपडे पलंगावर टाकून घड्या घालत होते. आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं हात जोडले आणि प्रार्थना सुरू केली. मी घड्या घालायची थांबले, कारण ती कुठं अडेल आणि त्यानंतर काय होईल, हे मला माहीत होतं. ती 'आमची रोजची भाकर' या ओळीपर्यंत आली आणि अडली. ओठ हलले, शब्द आला नाही. मी तिचं ते घाबरं होणं, ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं, सगळ्याची तयारी करून तिच्याकडे सरकले.

तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत भीती नव्हती. ओळखही नव्हती.

"पुढचं तुम्ही म्हणा हो, बाई," ती म्हणाली. बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईला पिशवी जरा धरायला सांगावी, तशी.

मी पुढचं म्हटलं. प्रार्थना संपायच्या आतच तिची मान कलली. आजवर प्रार्थना अर्धी सोडून ती कधी झोपली नव्हती.

मी आमेन म्हटलं आणि तशीच बसून राहिले. तिला हलवून उठवावं आणि विचारावं, आई, मी कोण, असं फार फार वाटलं. एकदाच. उत्तर चुकलं असतं तरी चाललं असतं. मी हात पुढंही केला होता.

तो मी मागे घेतला. तिला मी माहीत नव्हते. मला ती माहीत होती. मी तिच्या पायांवर चादर ओढली आणि ती पलीकडे लवंडू नये म्हणून तिच्या अंगाला लागून बसले.