एक शांतवन म्हणजे किती

शांतवनमामांच्या मुलीचा, मार्थाचा, फोन आला तेव्हा मी पाथर्डीला एका कापड दुकानात शिडीवर चढून कॅमेरा बसवत होतो. "बाळूदादा, अप्पा गेले," एवढंच ती म्हणाली. मी "बरं, येतो" म्हणालो, फोन खिशात टाकला आणि उरलेले तीन स्क्रू नीट आवळले. मनात म्हटलं, आपण बऱ्यापैकी धीराचे आहोत. दुसऱ्या दिवशी दुकानदाराचा फोन आला, की कॅमेऱ्यात गल्ला दिसत नाही, नुसता छताचा पंखा फिरताना दिसतो... श्रीरामपूरला पोचलो तेव्हा शांतवनमामांना पांढऱ्या सदऱ्यात झोपवलं होतं आणि उजव्या हाताची बाही कुणीतरी मनगटापर्यंत नीट खाली ओढली होती. ती बाही मी जन्मात खाली पाहिली नव्हती. मला रडू फुटलं ते त्या बाहीमुळे.

मामा सोनईचे मापाडी. बाजारात आणि आसपासच्या गावांतल्या खळ्यांवर धान्य मोजून द्यायचं, हा त्यांचा धंदा. त्यांच्या वडिलांचाही तोच. ते चर्चला जाणारे, आम्ही मंदिरात जाणारे, पण माझ्या आईला त्यांनी बहीण मानलेलं, म्हणून ते माझे मामा. पहिलं माप ओतताना 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, आणि मग दोन, तीन, चार... ही रीत सगळ्याच मापाड्यांची. मामांची स्वतःची रीत त्याच्याही आधीची होती. माप हातात घेण्यापूर्वी ते उजवी बाही खांद्यापर्यंत वर सारायचे आणि पोत्यात हात घालायचे. वरवर नाही, पार तळापर्यंत, अगदी गाल पोत्याच्या काठाला टेकेपर्यंत. डोळे मिटलेले. वरती टपोरी ज्वारी आणि खाली खडे-माती असा प्रकार त्यांच्या बोटांना डोळ्यांच्या आधी कळायचा. तसं काही लागलं की ते ओरडायचे नाहीत, हात बाहेर काढून झटकायचे आणि म्हणायचे, "हे मी मोजत न्हाई." बस्स. त्या पोत्याला मग बाजारात कुणी विचारायचं नाही. आणि त्यांनी मोजलेलं घरी नेऊन पुन्हा कुणी मोजत नसे. "शांतवनच्या हातचं हाय" म्हटलं की विषय संपला. कमाई म्हणाल तर त्यांची एवढीच, आणि ती पुष्कळ होती. वजनकाटे आले, मग आकडे दाखवणारे काटे आले, तरी म्हातारी माणसं काट्यावर झालेलं पोतं मामांपुढे आणून ठेवायची. काटा वजन सांगतो, आत काय आहे ते सांगत नाही.

माझं म्हणाल तर मी जे जे मोजलं ते चुकलं. इमू पाळले. सहा पक्षी, माणसाएवढे उंच. त्यांचं तेल विकून मी श्रीमंत होणार होतो. सगळं गाव बघायला आलं आणि हसून गेलं. मामा तेवढे कुंपणापाशी बराच वेळ उभे राहिले आणि त्यांनी एकच विचारलं, "हे घेणार कोन?" मला वाटलं, जुना माणूस, याला काय कळतंय. पुढे सगळे इमू उसात पळाले तेव्हा वयाच्या सत्तरीत माझ्याबरोबर दुपारभर सरीतून फिरले तेही मामाच. एकदाही म्हणाले नाहीत, की बघ, मी सांगितलं होतं. त्यांना पाण्याची बाटली द्यायला मी विसरलो होतो, तेही बोलले नाहीत. इमूनंतर कोरफड, कोरफडीनंतर झेरॉक्सचं दुकान, आणि झेरॉक्सच्या दुकानात विलास भेटला.

विलास पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत होता, ती सोडून गावी आलेला. त्याच्या डोक्यात आमच्या भागाचं स्वतःचं क्रिप्टो नाणं काढायचं होतं. हाताला न लागणारं, फोनमध्ये राहणारं नाणं. नाव ठरलं जोंधळा. मी लगेच भागीदार झालो, कारण मला त्यातलं काही कळत नव्हतं. कळणाऱ्या धंद्यात मी कधी पडलेलोच नाही. विलासने सांगितलं, की एका जोंधळ्याचे एक कोटी तुकडे पडतात, आणि त्यातल्या सगळ्यात लहान तुकड्याला नाव हवं, रुपयाला पैसा असतो तसं. जगातल्या सगळ्यात मोठ्या नाण्याच्या बारक्यात बारक्या तुकड्याला ते काढणाऱ्याचं नाव दिलंय, हेही त्यानं सांगितलं, आणि इथे माझं डोकं फिरलं. मी आठवडाभर वहीत 'एक बाळू, दहा बाळू, शंभर बाळू' असं लिहून बघत होतो. वही बायकोच्या हाती लागली. ती म्हणाली, "कोटीतला एक भाग ना? अगदी बरोब्बर किंमत काढलीत." वही मिटली.

मग दाणा झालं, कणी झालं. कणी म्हणजे तांदळाचा चुरा, तो कोण घेणार, असं बायकोचंच मत. शेवटी मामांकडे गेलो. कशासाठी ते सांगितलं नाही, सहज विचारल्यासारखं जुनी मापं विचारली. मामा बोटांवर उतरत गेले, पायली, शेर, मापटं, चिपटं, कोळवं, निळवं. मी विचारलं, निळव्याच्या खाली काय? "निळव्याच्या खाली माप न्हाई. त्याच्या खाली मूठ. आन् मूठ ज्याची त्याची," मामा म्हणाले. आज वाटतं, तेवढं एक वाक्य घेऊन मी घरी जायला हवं होतं. पण मी विलासला जाऊन निळवं सांगितलं, आणि तो म्हणाला, निळवं आता कुणाला माहीत आहे, लोकांना माहीत असलेलं आणि भरवशाचं असं काहीतरी पाहिजे. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. नाव कुणाच्या तोंडून आधी निघालं ते मी आजवर लोकांना 'विलासच्या' असं सांगत आलोय. माझ्या निघालं.

मी मामांचा पायली हातात घेतलेला फोटो काढला. कशाला रे, म्हणाले. असाच, म्हटलं. चौथ्या दिवशी बाजाराच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. जोंधळा, आपल्या मातीतलं नाणं. एक कोटी शांतवन बरोबर एक जोंधळा. खाली मामा, हसरे, पायलीसकट. त्यांना आनंदाचा धक्का द्यायचा, असा माझा खरोखर विचार होता. जिवंतपणी नाण्यावर नाव, मी म्हणत होतो, राजेलोकांनंतर आमचे मामाच... आणि माणसं यायला लागली. माझं तोंड बघून सोनईत कुणी दहा रुपये काढले नसते. बाजारात मिरची-लसूण विकणारी वेणूबाई सुनेच्या शिलाई मशिनसाठी साठवलेलं सगळं घेऊन आली आणि म्हणाली, मला फोनातलं काही कळत न्हाई, शांतवनचं नाव हाय नव्हं? मी म्हटलं, आहे की. तिनं गाठ सोडली.

त्याच बाजारी तिनं मामांना रस्त्यात गाठून सांगितलं, की तुमच्या नावावर टाकले बरं का. मामा तसेच दुकानात आले. मला वाटलं, आता आभार मानतील. मी खुर्ची पुसली. ते बसले नाहीत.

"बाळू, एक शांतवन म्हंजे किती?"

मी सांगायला लागलो, की ते बाजारावर आहे, आज एवढं, उद्या चढेल. मामांनी ऐकून घेतलं. "चढू दे की. ज्वारी पन चढती-उतरती. पर पायलीत ज्वारी असती. ह्यात काय हाय?" मी विलासकडे बघितलं. विलासने लॅपटॉप पुढे केला आणि म्हातारा दोन मिनिटांत कंटाळेल अशा बेताने बोलायला लागला. मामा दोन तास बसले. त्यांनी एकेक गोष्ट दोन-दोनदा विचारली, न कळलेली पुन्हा विचारली, लाजले नाहीत. नाणी आहेत ती कुठे राहतात, त्यांची किल्ली कुणाकडे, आणि वेणूला उद्या पैसे परत पाहिजे असले तर ते कोण देणार. किल्ली एकट्या विलासकडे होती, हे मलाही तेव्हाच कळलं. परत द्यायचं म्हटल्यावर विलास म्हणाला, घेणारा कुणी मिळाला तर मिळतील. त्याचा आवाज बारीक झाला होता. लबाड नव्हता तो. त्यानंही तळापर्यंत कधी बघितलं नव्हतं, इतकंच. मामांची बाही वर सारलेली होती. ती कधी सारली, मी पाहिलं नाही. उजवा हात टेबलावर उताणा पडला होता, खांद्यापर्यंत उघडा, ज्वारीच्या धुळीनं आयुष्यभर खरचटलेला.

"मी हात घातल्याबिगर लाभ म्हनलो न्हाई कवा," ते म्हणाले. "हे तू माझ्या नावानं मोजून मोकळा झाला."

मला वाटलं, आता शिव्या बसतील. बसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, किती घरांचे आहेत. यादी बघितली. मी झेरॉक्सचं मशीन विकलं, विलासनं मोटारसायकल विकली, आणि सगळ्यांचं ज्याचं त्याला परत करता येईल एवढं जमलं. मी म्हणत होतो, घरोघर गुपचूप देऊन येऊ. मामा म्हणाले, नाव बाजारात लावलं, तर काढायचं पन बाजारात.

पुढच्या बाजारी ते लिंबाखालच्या आपल्या ओट्यावर उभे राहिले. याच ओट्यावर बसून त्यांनी जन्मभर मोजलं होतं. मी मागे उभा. मी मनात सगळं ठरवून आलो होतो, की मामांचं झालं की मी पुढे होईन आणि सांगेन, यांना काही माहीत नव्हतं, मी न विचारता यांचं नाव लावलं. पण मामांनी सुरुवातच अशी केली, की "मंडळी, माझ्याकडनं मोजन्यात चूक झाली." मी दचकून त्यांच्याकडे बघितलं. "त्या फोनातल्या नाण्याला माझं नाव हाय, ते मी न बघता दिलं. आपापलं घेऊन जावा." मग त्यांनी पायली उचलली आणि ओट्यावर पालथी घातली. मापाडी दिवस संपला की माप पालथं घालतो. पण तेव्हा सकाळचे दहाही वाजले नव्हते. ज्याचं माप एकदा चुकलं त्यानं पुन्हा माप धरायचं नाही, ही त्यांच्या वडिलांची शिकवण, आणि ती गावाला माहीत होती. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. पहिला शब्द जिभेवर होता... लोक रांगेनं पैसे घेत होते, कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, आणि मला चक्क बरं वाटत होतं. त्या दिवसानंतर मामांनी पायलीला हात लावला नाही. सहा महिन्यांनी ते मार्थाकडे श्रीरामपूरला राहायला गेले.

मी तिथे जात राहिलो. कॅमेऱ्यांच्या धंद्यात पाय रोवले, ते त्यांना दर खेपेला तपशिलात सांगायचो. ते विचारायचे, वायर कुठली, चालली नाही तर परत घेतोस का. त्या बाजाराचा विषय मी कधी काढला नाही, त्यांनीही नाही.

चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना झाली त्या दिवशी सोनईहून टेम्पो भरून माणसं आली होती. एकेक जण दोन शब्द बोलला. एक म्हातारे व्यापारी उठले आणि फार मायेनं म्हणाले, शांतवनसारखा मापाडी होणे नाही, उभ्या आयुष्यात माणूस एकदाच चुकला आणि चूक सांगायला स्वतः ओट्यावर उभा राहिला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. चहा झाला, दोन बिस्किटं खाल्ली आणि घरी आलो, आणि त्या रात्री बायकोनं विचारलं, "आजही नाही ना बोललात?"

म्हणून हा लेख. पुरवणीत चार लोक वाचतील म्हणून लिहायला बसलो. अर्ध्यावर आलो आणि लक्षात आलं, की वेणूबाई पुरवणी वाचत नाही. मग गेल्या बाजारी सोनईला गेलो, लिंबाखालच्या ओट्यावर चढलो आणि जे सांगायचं ते सांगितलं. मोजण्यात चूक मामांची नव्हती. त्यांनी ते नाणं मोजलंच नव्हतं. नाव मी लावलं, न विचारता. माझा आवाज चिरकला, दोन वाक्यं उलटी-पालटी झाली, आणि शेजारचा बटाटेवाला मध्येच भाव ओरडला.

लोकांनी ऐकलं आणि ते पुन्हा आपापल्या पिशव्यांकडे वळले. वेणूबाई लसणाच्या गड्ड्या निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आमाला ठावं हुतं."

मी म्हटलं, "कधीपासून?"

"त्याच दिसापास्नं. ते बोलत हुते आन् तू मागं मान खाली घालून. आमाला डोळे न्हाईत व्हय? मी श्रीरामपूरला जाऊन बोलले त्यान्ला, की पोराची चूक तुमी कशापायी घेतली."

"काय म्हणाले?"

तिनं एक गड्डी बाजूला टाकली. "म्हनले, वेणू, बाळूचं नाव अजून बारीक हाय, मोडलं तर काय ऱ्हानार न्हाई. माझं मोठं हाय. एक टवका गेला तर चालतंय."

मी ओट्यावर तसाच उभा होतो. आजूबाजूला इतकी दाटी, की माणसं चिंचोळ्या वाटेवर टोपल्या मांडून बसलेली, आणि तेवढा ओटा मात्र रिकामा, स्वच्छ झाडलेला. हे मला तोवर दिसलं नव्हतं.

"झालं न्हवं सांगून?" वेणूबाई म्हणाली. "मंग उतर खाली. तिथं कुनी उभं ऱ्हात न्हाई."

मी उतरलो.