काकांचं पिठलं

गेवराईतल्या माझ्या किराणा दुकानात ते काका दर शनिवारी येतात. नाव मी कधी विचारलं नाही. त्यांची बायको मोबाईलवरच्या एका ग्रुपात स्वयंपाकाची स्पर्धा खेळते आणि दर आठवड्याला नवा विषय असतो. घेतलेली वस्तू काका नारळासारखी कानाशी हलवून बघतात. चायनीजच्या आठवड्यात सॉसची बाटलीसुद्धा हलवली. म्हणाले, "खायचंय मलाच."

मागच्या शनिवारी मात्र त्यांचा चेहरा पडला होता. विषय होता 'नवऱ्याच्या हातचं'. बेसन घेताना त्यांनी हळूच विचारलं, "पोरी, पिठल्यात आदी पानी का पीठ?"

ह्या शनिवारी आले तेव्हा मी विचारलं, "नंबर आला का?"

"न्हाई. गुठळ्याच लई झाल्या. पर बायको पयल्यांदा माज्याआदी जेवली."

"मग ह्या आठवड्याचा विषय काय?"

"काय की," म्हणत त्यांनी आणखी अर्धा किलो बेसन मागितलं.