रजईतली कालवड

आधीच सांगून ठेवतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. त्या कालवडीचं नाव जाई होतं की जुई, यावरून आमच्या घरात अजून वाद आहे. मी जाई म्हणतो, बायको जुई म्हणते, आणि बायकोचं बहुधा बरोबर असतं. तो दिवस थंडीचा होता असं मला वाटतं, पण मला घाम फुटला होता हे नक्की. तेव्हा थंडीचंही खात्रीने सांगू शकत नाही. बाकी जे झालं ते मात्र झालंच. चहा घ्या, सांगतो.

माझी मुलगी मृणाल खडवलीला दिली आहे. सासऱ्यांची थोडी भातशेती, घरामागे गोठा, गोठ्यात दोन गाई. आमचे व्याही हरिश्चंद्रराव आयुष्यभर कारखान्यात फिटर होते, गाई निवृत्तीनंतर घेतल्या. म्हणजे गाईंच्या बाबतीत तेही नवेच. पण हात फिटरचा! लोखंडी पाईप जोडून त्यांनी स्वतः खोडा बनवला होता. खोडा म्हणजे जनावर उभं करायचा अरुंद पिंजरा. दोन्ही बाजूंना आडवे पाईप, मागे अडसर, पुढे मान अडकवायची फट. इंजेक्शन द्यायचं, कानात बिल्ला मारायचा, तर जनावर आत घालायचं, म्हणजे त्यालाही इजा नाही आणि माणसालाही नाही.

मृणालला दिवस गेले होते आणि जाईच्या लशीची वेळ झाली होती. गर्भपाताच्या रोगावरची ती लस कालवडीला ठराविक वयातच देतात, आणि ती माणसालाही बाधू शकते. म्हणून जनावरांच्या डॉक्टर मॅडमनी मृणालला गोठ्याकडे फिरकायची बंदी केलेली. जावई कामासाठी पुण्याला. मृणालचा जीव त्या कालवडीत. जन्मली तेव्हा हिनेच बाटलीने दूध पाजलेलं. फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही याल का? कोणीतरी शांत माणूस हवं तिच्याजवळ."

शांत माणूस! मी! घराचं कुलूप लावून परत चार वेळा ओढून बघणारा मी. पण मुलीने विचारल्यावर नाही कसं म्हणणार? म्हटलं, "येतो. तिला साधं खरचटूसुद्धा देणार नाही."

डोंबिवलीहून खडवली काही लांब नाही, पण तेवढ्या वेळात मी जाईच्या पायापासून डोळ्यापर्यंत काय काय दुखावू शकेल याची मनात उजळणी केली. रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली की एवढा फायदा होतो, धोके लवकर सुचतात.

पोहोचलो तर जाई खोड्यात उभी होती. उभी म्हणजे फिरत होती. खोडा मोठ्या गाईच्या मापाचा. ती आत वळायची, तोंड मागे करायची, पुन्हा वळायची आणि दर वेळी बरगड्या पाईपवर आपटायच्या.

"हरिश्चंद्रराव, लागेल हो तिला."

"लागंल," ते म्हणाले.

"भोवती काही मऊ गुंडाळलं तर? गोधडीबिधडी? चालेल ना?"

"तुमी बोलता तं चालंल, सर."

आता इथेच घोळ झाला. बघा, मी त्यांच्या घरचा व्याही. शिवाय मोठा शिकलेला. तेव्हा मला 'नाही' म्हणायचं नाही, हा त्या घरातला रिवाज. आणि मी संशयी माणूस, दर पावलाला विचारणार, "बरोबर आहे ना?" ते मान राखून म्हणणार, "बरोबरच." मला वाटायचं, गाईवाला माणूस हो म्हणतोय म्हणजे ठीक असेल. त्यांना वाटायचं, डॉक्टरेटवाला माणूस करतोय म्हणजे काहीतरी कारण असेल. असे आम्ही दोघे एकमेकांच्या भरवशावर पुढे चाललो होतो.

गोधडी मागितली तर विहीणबाईंनी काय आणावं? चक्क मखमली रजई. गुलाबी, कडेला सोनेरी झालर. माझ्यासारख्या व्याह्याच्या हातात फाटकी गोधडी कशी द्यायची? मला ती ओळखीची वाटली. वाटणारच! लग्नात रुखवतात आम्हीच दिलेली होती.

"अहो, ही नको," मी म्हणालो.

"असू दे, मृणालचे बाबा. कपाटातच पडलीय नुसती," विहीणबाई म्हणाल्या. यात टोमणा होता की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर ती रजई पाईपांमधून हात घालून आम्ही जाईच्या पाठीवर टाकली. ती सरकायला लागली. म्हणून दोर मागवला. गळ्यात एक सैल वेढा, घसा आवळायला नको म्हणून गाठ पक्की. तिथून दोर पाठीवरून मागे आणला, पुढच्या पायांच्या मागून छातीभोवती एक वेढा. आणखी मागे नेला, मागच्या पायांच्या पुढून पोटाभोवती दुसरा. अगदी गावाला पाठवायचं पार्सल बांधावं तसं.

"बरोबर आहे ना?"

"एकदम."

"जरा ढिलं वाटतंय. ओढू का?"

"ओढा ना."

मी खोड्याच्या मागे उभा राहून दोर ओढला. जोरात नाही हो, रजई नीट बसावी एवढाच.

आणि जाई थांबली. तिचं ते वळणं, धडका देणं, सगळं थांबलं. एक लांब श्वास सोडला. मग गुडघे वाकले, मग मागचा भाग खाली आला, आणि ते एवढं धिप्पाड अंग, मी जिला ढकलून तसूभर हलवू शकलो नसतो ती कालवड, गुलाबी रजईसकट अलगद खाली बसली. मग एका कुशीवर कलंडली. आवाजसुद्धा झाला नाही.

पलीकडे तिची आई रवंथ करत होती, तिचा जबडा थांबला. ती आमच्याकडे बघायला लागली. जनावर असं बघतं तेव्हा त्यात राग नसतो, तक्रार नसते. नुसतं बघणं असतं, आणि ते माणसाला पुरे होतं.

"सर, बसली," हरिश्चंद्रराव म्हणाले.

"हो. बसली."

"का बसली?"

"दमली असेल."

"दमायला केलं काय तिनं?"

मी तिच्या डोळ्यांपुढे हात हलवला. पापणी लवली, पण ती उठेना. हिरवा चारा धरला, तोंड लावेना. विहीणबाईंनी कांदा फोडून नाकाला लावला. त्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, जाईला काही नाही.

"दोर सोडू का?" व्याह्यांनी विचारलं.

आणि मी काय म्हणालो असेन? "नको नको. निदान तेवढा तरी आधार आहे तिला." टोक पाईपला घट्ट बांधूनही टाकलं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक आली. "बाबा, जाई दिसत नाही मला."

"आहे, आहे. बसलीय."

"खोड्यात? तिथे कशी बसेल ती?"

"आरामात."

"बाबा, तुमचा आवाज का असा येतोय?"

"कांदा," मी म्हणालो.

विहीणबाई हळूच म्हणाल्या, "तिला अशा दिवसांत काय सांगायचं, ते तुम्हीच ठरवा." तेव्हा मला पुरतं कळलं की मी काय करून बसलोय. जिला खरचटू देणार नव्हतो ती माझ्यापुढे आडवी पडली होती, आणि जिच्यासाठी हे सगळं, ती खिडकीत उभी होती.

मी मागचा अडसर काढला आणि आत शिरलो. हरिश्चंद्रराव पहिल्यांदाच "अवो सर, नको" म्हणाले, पण मी ऐकलं नाही. तिच्या मानेवर हात ठेवला. काय सांगू, त्या कातडीखाली केवढं काय काय चाललं होतं. कान टेकवला तर आत लांबवर ढोलासारखं काळीज, त्याच्या मागे पोटात कुठेतरी गडगडाट, जणू डोंगरापलीकडे पाऊस पडतोय. मी आयुष्यभर पेशींबद्दल वाचलं, रेणूंच्या आकृत्या फळ्यावर काढल्या. पण एवढा मोठा जिवंतपणा कानाला कधी लागला नव्हता. आणि तो माझ्या एका झटक्याने खाली बसला होता. हळू आवाजात मी तिची माफी मागायला लागलो. नावानिशी. नाव जुई असेल तर तीही चूक धरा.

"आत कोण गेलंय?" मागून आवाज आला. डॉक्टर मॅडम. तरुण मुलगी, हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा. "काका, आधी बाहेर या. ती उठली आणि तुम्हाला पाईपवर दाबलं तर बरगड्या राहायच्या नाहीत. जनावराबरोबर आत कधीच जायचं नाही."

मी बाहेर आलो. त्यांनी जाईकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं, रजईकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"कोणी पाडली हिला?"

"सरांनी," व्याह्यांनी मान राखायचं तेवढ्यापुरतं बाजूला ठेवून माझ्याकडे बोट केलं.

"छान पाडलीत. कुठे शिकलात?"

एवढा तिखट टोमणा मला पीएचडीच्या तोंडी परीक्षेतही कोणी मारला नव्हता. मी म्हणालो, "माझं चुकलं. वाचेल का ती?"

त्या हसल्या. बहुधा त्यांना वाटलं, म्हातारा विनोदी आहे. झटपट लस टोचली, कानात बिल्ला मारला, हरिश्चंद्ररावांना सांगितलं, "वासरांसाठी एका बाजूला फळी लावून खोडा अरुंद करा, म्हणजे वळणार नाही. आणि पाईपला ही गाठ कसली मारलीय? एका ओढीत सुटेल अशी मारायची." मग ती गाठ सोडवत बसल्या. दोर सैल झाला, आणि जाईने आधी मागचं अंग वर उचललं, मग पुढचं, आणि उभी राहिली. पूर्वीएवढीच मोठी. अंग झाडलं. मग रजईची सोनेरी झालर तोंडात धरली आणि शांतपणे चघळायला लागली.

मला रडू आलं. लस टोचली आणि मेलेली कालवड उठली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं! खिडकीतल्या मृणालला ओरडून सांगितलं, "बघ, कशी ठणठणीत!" आणि पुढे कित्येक वर्षं डोंबिवलीत भेटेल त्याला मी त्या लशीचा महिमा सांगत होतो. बागेतल्या बाकावर, बँकेच्या रांगेत, दाताच्या डॉक्टरकडे, तोंड उघडं असतानासुद्धा.

मृणालची मुलगी आता शाळेत जाते. मध्यंतरी तिच्यासाठी चित्रांची पुस्तकं शोधायला कल्याणला जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेलो होतो, तिथे पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांचं एक जाड पुस्तक दिसलं. सहज चाळलं. एका पानावर गाईचं चित्र. गळ्यात न आवळणारा वेढा, छातीभोवती दुसरा, पोटाभोवती तिसरा, आणि मागून दोर ओढणारा एक माणूस. मोठ्या जनावराला इजा न करता खाली बसवायची ही नेहमीची रीत आहे, असं तिथे समजावलं होतं. दोर ताणलेला असेपर्यंत ते शांत पडून राहतं आणि सैल केला की उठतं. मी दुकानातच उभा राहून तीनदा वाचलं. वेढे त्याच जागी, त्याच क्रमाने, गळ्याची गाठसुद्धा हवी तशीच. फरक एवढाच, की चित्रातला माणूस गाईच्या मानेवर डोकं ठेवून तिची माफी मागत नव्हता.